पुढच्या बाजूचं गोल भोक

परीक्षेच्या खोलीचं दार काचेचं होतं म्हणून बरं. लाकडी असतं तर मी बाहेर बाकड्यावर जांभया देत बसले असते आणि आत माझ्या ताईचं वाटोळं झालेलं मला कळलंही नसतं.

दहाला घंटा झाली. दहा वाजून पाच मिनिटांनी मी सहज मान वर केली. आत वीस टेबलं, वीस नवे कोरे कॉम्प्युटर, वीस उमेदवार. एकोणीस जणांची बोटं धावत होती. विसावी माझी ताई, भिंतीकडच्या शेवटच्या टेबलावर. कानाला हेडफोन, पाठ ताठ, डावा हात कीबोर्डवर तयार. आणि उजव्या हाताचं एक बोट टेबलावर टकटक, टकटक. ताई कशाची वाट बघायला लागली की हे बोट सुरू होतं. बसची वाट, डॉक्टरांची वाट, माझं भांडून संपायची वाट.

मनात म्हटलं, तिचं रेकॉर्डिंग उशिरा लावणार असतील. पुन्हा पाहिलं तर दहा-आठ. बोट तसंच.

ताईला जन्मापासून दिसत नाही. हे ऐकलं की लोक 'अरेरे' म्हणतात, आणि त्या अरेरेचा मला भयंकर संताप येतो. अरेरे काय अरेरे? या दवाखान्याच्या नोंदणी विभागात ती अकरा वर्षं काम करतेय. डॉक्टर मंडळी पेशंटची माहिती यंत्रात बोलून ठेवतात, ताई ती ऐकून टाइप करते. घसा खाकरत, कागद फडफडवत, वाक्य अर्धवट सोडून दिलेलं ती इतकं स्वच्छ उतरवते की डॉक्टरांनाच वाटतं, आपण किती छान बोलतो! पण ती बदलीवर. कोणी रजेवर गेलं की बोलावणं, ते परत आलं की ही घरी. यंदा पहिल्यांदा कायमची जागा निघाली. एकच. वयाची अट पंचेचाळीस, आणि ताईला पुढच्या महिन्यात पंचेचाळीस पूर्ण होणार. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच्या चाळीस मिनिटांत. नाहीतर जन्मभर बदली.

आता माझं सांगते. मी कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीत पंधरा वर्षं एकच काम करते, भोकं तपासते. हसू नका. कॉम्प्युटरच्या डब्याला मागेपुढे जी पोर्ट असतात, त्यांना आम्ही आपसात भोकंच म्हणतो. प्रत्येकात पिन खुपसायची, आवाज येतो का, चित्र येतं का बघायचं, काढायची, पुन्हा खुपसायची. एकेका भोकात दोनशे वेळा. मग कागदावर सही ठोकायची. कारखान्यात मला सगळे 'ठिणगी' म्हणतात. का, ते माझ्याशी पाच मिनिटं बोललं की कळतं. ताईही ठिणगीच म्हणते, पण लाडाने.

आणि आतल्या खोलीतले ते वीस कॉम्प्युटर आमचेच होते. अजून बाजारात न आलेलं नवं मॉडेल. दवाखान्याने वापरून बघायला आधीच मागवलेलं.

त्या मॉडेलवरून मी काय भांडले होते! आराखडा करणाऱ्या इंजिनिअरने आवाजाची गोल भोकं साफ उडवून टाकली होती. जुन्या डब्यांना मागे तीन असायची, हिरवं, गुलाबी, निळं. नव्यात आवाज जाणार स्क्रीनच्या केबलमधून, नाहीतर चपट्या पोर्टमधून, नाहीतर हवेतून. "गोल पिन आता वापरतं कोण?" असं तो मीटिंगमध्ये म्हणाला आणि माझं टाळकंच सटकलं. माझी ताई वापरते! तिचा वायरवाला हेडफोन चार्जिंग संपून मध्येच मुका होत नाही. खुपसला की बोलायला लागतो. तीन आठवडे मी त्या माणसाला सुखाने जेवू दिलं नाही. शेवटी साहेब, म्हणजे आमच्या तपासणी विभागाचे प्रमुख, हात जोडून म्हणाले, "बरं बाई, एक भोक ठेवू. पुढच्या बाजूला. पण त्या एकातच हेडफोन येणार आणि माइकही येणार. मग यंत्राला विचारावं लागेल, काय खुपसलंय म्हणून."

"विचारू दे की," मी म्हणाले. "विचारल्याने कोणाच्या अंगाला भोकं पडतायत?"

घरी येऊन ताईला ऐटीत सांगितलं, तुझ्यासाठी एक भोक लढून आणलंय. ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

आणि आता दहा वाजून अकरा मिनिटांनी, काचेला नाक लावून उभी असताना, मला ते 'विचारू दे की' आठवलं.

ताईच्या टेबलावर स्क्रीन नव्हती.

नसणारच होती. घरीही ती स्क्रीनशिवायच काम करते. तिच्या कॉम्प्युटरमध्ये एक बोलणारी बाई आहे, पडद्यावर जे असेल ते ती बाई हेडफोनमधून वाचून दाखवते. "मला तो आरसा कशाला? नुसता हाताला धडकतो," असं म्हणून ताईने स्क्रीन कधीच शेजाऱ्यांना देऊन टाकली. परीक्षेच्या अर्जातही तिने तसंच लिहिलं होतं, टेबलावर स्क्रीन नको. दवाखान्याच्या लोकांनी भल्या मनाने सकाळी ती काढून ठेवली. ताईने हेडफोन गोल भोकात खुपसला. यंत्राने शहाण्यासारखं विचारलं, तुम्ही आत्ता काय जोडलंत? हेडफोन, माइक, की दोन्ही? पण हे विचारलं एका चौकोनात, पडद्यावर. आणि पडदाच नव्हता. त्या चौकोनाला उत्तर फक्त माउसने देता येतं, कीबोर्डला तो भीक घालत नाही. उत्तर मिळेपर्यंत गोल भोकात आवाज सोडायचा नाही, अशी त्याची शिस्त.

कारखान्यात माझ्या तपासणीच्या बाकावर मी दोनशे वेळा ती पिन खुपसली होती. दोनशे वेळा चौकोन आला, दोनशे वेळा मी डाव्या हाताने टिचकी मारून घालवला, अगदी माशी हाकलावी तसा. समोर कायम हातभर रुंद स्क्रीन. ती काढून बघावी, हे पंधरा वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या! घरात उठल्यापासून झोपेपर्यंत स्क्रीन नसलेला कॉम्प्युटर बघणाऱ्या बाईच्या! मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

मी दार ढकललं.

पर्यवेक्षक बाई लगेच उठून आडव्या आल्या. गळ्यात चष्मा, हातात घड्याळ. "बाहेर थांबा," त्या कुजबुजल्या.

"मॅडम, त्या शेवटच्या टेबलावर आवाज येत नाहीये."

"त्यांनी हात वर केलेला नाही."

"कशाला करतील? तुम्हीच सांगितलं असणार ना, तुमचं वेगळं लावतो, सुरू झालं की कळेल म्हणून?"

बाई जरा चपापल्या. तसंच सांगितलं होतं, हे त्यांच्या तोंडावरच दिसलं. "पण त्यांचं रेकॉर्डिंग मी बरोबर दहाला सुरू केलंय. यंत्र चालू आहे, दिवा लागलाय. तुम्ही त्यांच्या कोण?"

"बहीण."

"मग तर मुळीच नाही. नातेवाइकांनी उमेदवाराच्या जवळही फिरकायचं नाही. बाहेर जा, नाहीतर मला त्यांचाच पेपर थांबवावा लागेल."

दहा-चौदा. ताईचं बोट थांबलं होतं. ती मान किंचित वाकडी करून ऐकत होती, हेडफोनमधलं नाही, आमचं.

एकच रस्ता होता आणि तो मला मुळीच आवडला नव्हता. बाजारात न आलेल्या मॉडेलबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही, असं आम्ही सगळ्यांनी कंपनीत लिहून दिलेलं असतं. काढला तर दुसऱ्या दिवशी घरी. आणि आमच्या घरात कायमची नोकरी काय ती माझी. खोटं कशाला बोलू, माझी जीभ अडली. जास्त नाही, तेवढ्यात ताईच्या पुढच्या टेबलावरच्या माणसाने पानाचा शेवट गाठला आणि खाडकन बटण दाबलं, तेवढाच वेळ.

"मॅडम," मी म्हणाले, "ही यंत्रं ज्या कंपनीची आहेत तिथेच मी काम करते. या यंत्रात दोष आहे. स्क्रीन नसेल तर पुढच्या भोकातून आवाज येत नाही. तपासून 'ठीक आहे' म्हणून सही केलीय ती मीच."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लिहून द्या."

"आधी आवाज लावा, मग काय हवं ते लिहून देते!"

"आधी लिहून द्या. नाहीतर मी त्या यंत्राला हात लावू शकत नाही."

काय करता? ताईच्या प्रवेशपत्राची झेरॉक्स पिशवीत होती, ती भिंतीला टेकवून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. नाव, कंपनी, कामगार क्रमांक, दोष काय, सही. पेन भिंतीवर चालेना, अक्षर कोंबडीच्या पायाचं आलं. बाईंनी ते दोनदा वाचलं. दोनदा! मी दातओठ खात उभी. मग त्या शेजारच्या खोलीतून स्क्रीन आणायला गेल्या, आणि त्यांच्या चपलांचा तो सावकाश आवाज मी आयुष्यात विसरणार नाही.

दहा-वीस. स्क्रीन आली, पण केबल लागेना. बाई डब्यामागे वाकून एका भोकातून दुसऱ्या भोकात खुडबुड करत होत्या. मी उंबऱ्यावर. आत पाऊल टाकायचं नाही अशी ताकीद. "रुंद तोंडाचं, खालचे कोपरे कापलेलं," मी घसा दाबून ओरडत होते, "वरून तिसरं! तिसरं हो! ते नाही, ते नेटचं!"

"काय जोडताय?" ताईने विचारलं. हेडफोन तिने एका कानावरून सरकवला होता.

"स्क्रीन. तुमच्या यंत्राचा आवाज..."

"केबल इकडे द्या." ताईने केबलचं टोक बोटाने चाचपलं, डावा हात डब्यामागे घातला, अंगठा भोकांच्या रांगेवरून एकदा फिरवला आणि खटकन बसवली. पाहिलंसुद्धा नाही, असं म्हणणार होते, पण ते जाऊ दे.

स्क्रीन उजळली. मधोमध तो चौकोन, माझा दोनशे वेळा झटकलेला. बाईंनी माउस धरून टिचकी मारली. ताईचे खांदे सैल झाले. आवाज आला होता.

दहा-तेवीस.

"वेळ वाढवून देता येणार नाही," बाई हळूच म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थोडी माणुसकी आली होती. "तसं नियमात नाहीये. सतरा मिनिटं आहेत."

"वाढवून नाही म्हणजे?" मी उंबऱ्यावरूनच कडाडले. "यंत्र तुमचं..."

"ठिणगे, गप्प बस," ताई म्हणाली. अख्ख्या खोलीने वर पाहिलं. मग तिने बाईंना विचारलं, "रेकॉर्डिंग केवढं आहे?"

"वीस मिनिटांचं."

"पुरेल," ताई म्हणाली आणि हेडफोन कानांवर नीट बसवला.

मला रडूच कोसळायचं बाकी होतं. वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग सतरा मिनिटांत? बाकीचे थांबवून, मागे नेऊन, पुन्हा ऐकून चाळीस मिनिटांत घाम गाळत होते! आणि मग मला आठवलं, घरी ती बोलणारी बाई कशी बोलते. डब्यात खडे भरून हलवावेत तशी. मला आजवर तिचा एक शब्द कळलेला नाही आणि ताई मात्र त्याच वेगात वर्तमानपत्र ऐकत भांडी घासते. वेग वाढवायचं बटण सगळ्याच उमेदवारांना दिलं होतं. वापरलं एकीनेच.

तिची बोटं सुरू झाली. मी काचेबाहेर. ताई रेकॉर्डिंग दामदुपटीने पळवत होती आणि डॉक्टरांचं खाकरणं, कागद चाळणं, 'हं, काय म्हणत होतो' वगैरे पळता पळता गाळून टाकत होती. एकदाच थांबली, दहा-एकतीसला. मागे नेलं, मान हलवली, पुढे गेली. दहा-छत्तीसला तिच्या शेजारची बाई आपलं काम टाकून तिच्या बोटांकडेच बघत बसली. दहा-एकोणचाळीसला ताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. घंटा त्यानंतर झाली.

जिना उतरताना तिने माझा दंड धरला.

"काय लिहून दिलंस?" तिने विचारलं.

सांगितलं.

ती म्हणाली, "वेडी आहेस. मी हात वर केला असता की."

"कधी? अकरा वाजता?"

"तेही खरं," ताई म्हणाली. "मला वाटलं, उगीच कशाला त्रास द्या. अकरा वर्षं तेच वाटतंय."

चार दिवसांनी दवाखान्याचं पत्र आलं. मी मोठ्याने वाचलं. ताई पहिली आली होती, चुका दोन. मी उडी मारायला पाय उचलला तोच पुढची ओळ. एका उमेदवाराने तक्रार केली होती की परीक्षा चालू असताना बहिणीने दारातून मदत केली. यंत्रात खरोखर दोष होता असं कंपनीने गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत लेखी कळवलं तर निकाल कायम. नाहीतर ताईची परीक्षा रद्द, जागा दुसऱ्या क्रमांकाला.

"आणि दुसरा क्रमांक त्याच तक्रारवाल्याचा असणार, लिहून घे!" मी म्हणाले.

"असू दे. त्याच्या जागी तू असतीस तर दार फोडलं असतंस," ताई म्हणाली.

दवाखान्याने माझ्या कागदाची प्रत कंपनीलाही धाडली होती. गुरुवारी दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "बाहेर लिहून दिलंस? सहा आठवड्यांवर मॉडेल बाजारात यायचंय, चार हजार डबे बांधून तयार आहेत, आणि तू एका कागदाच्या पाठीवर लिहून देतेस की दोष आहे?"

"आहे म्हणून दिलं."

"मी काल स्वतः बाकावर बसून पाहिलं. बारा वेळा. बाराही वेळा आवाज आला."

"स्क्रीन लावून ना?"

"मग काय काढून? स्क्रीनशिवाय कॉम्प्युटर वापरतं कोण?"

गोल पिनेच्या वेळी ऐकला होता तसाच प्रश्न. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, चांगलं झणझणीत. पण आदल्या रात्रीच ताईने मला बजावलं होतं. "साहेबांशी भांडू नकोस. तू भांडतेस तेव्हा लोकांना मजा वाटते आणि ते कामाला लागतात. त्यांना बसव आणि ऐकव."

"साहेब," मी म्हणाले, "पाच मिनिटं बाकावर चला. मग तुम्ही म्हणाल ते."

त्यांच्या टेबलावर पत्र टाइप होऊन पडलं होतं, उलटं असलं तरी मला वाचता आलं. 'सदर यंत्रात दोष आढळला नाही.' सही तेवढी बाकी. घड्याळात चार वाजून पंचवीस.

बाकाशी आराखड्यावाला इंजिनिअर हाताची घडी घालून उभाच होता. मी डबा बंद केला. स्क्रीनची केबल मागून ओढून काढली आणि स्क्रीन उचलून खाली जमिनीवर ठेवली. बाक एकदम रिकामा आणि ओळख नसल्यासारखा दिसायला लागला. साहेबांना खुर्चीवर बसवलं. हेडफोन त्यांच्या हातात दिला.

"हा पुढच्या भोकात लावा. कानाला लावा. डबा मी चालू करते. आतमध्ये एक बाई तुम्हाला सांगेल काय करायचं ते. तिचं ऐकून तुमचं नाव टाइप करा, एवढंच काम."

साहेबांनी पिन खुपसली. मी बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घुमला. साहेब ऐकायला लागले.

अर्धं मिनिट गेलं. त्यांनी हेडफोन कानावर दाबून धरला.

"केलंस ना चालू?"

"केलं."

एक मिनिट. त्यांनी पिन काढून पुन्हा खुपसली. एंटर दाबलं. दोनदा दाबलं. इंजिनिअर पुढे सरकला, त्याला मी नुसत्या डोळ्यांनी जागेवर बसवलं. दोन मिनिटं. साहेबांच्या समोर कोरी भिंत होती, तिच्यावर ते जिथे स्क्रीन असायची तिथेच बघत होते. आणि त्यांच्या उजव्या हाताचं बोट बाकावर टकटक करायला लागलं.

ते बोट बघून माझं भांडण कुठच्या कुठे पळालं.

"कधी बोलणार ही?" साहेबांनी विचारलं.

"ती बोलणार नाही, साहेब. यंत्राने तुम्हाला प्रश्न विचारलाय आणि ते तुमच्या उत्तराची वाट बघतंय. तुम्ही त्याची वाट बघताय." "ताई तेवीस मिनिटं अशी बसली होती."

साहेबांनी हेडफोन काढला आणि बाकाच्या खणातून तपासणीचा कागद काढला. खाली दोन सह्या होत्या. एक माझी, तिच्याखाली त्यांची. ते बराच वेळ त्या दोन सह्यांकडे बघत राहिले. मला माहीत होतं ते काय मोजतायत. दोष मान्य केला तर माझ्याबरोबर त्यांचीही सही खोटी ठरत होती, आणि चार हजार डबे पुन्हा उघडायचे होते.

"स्क्रीन काढून बघायचं कोणाला सुचलंच नाही," ते म्हणाले. माझ्याशी नाही, स्वतःशीच.

"मला सुचायला हवं होतं," मी म्हणाले. "तुम्हाला नाही. मला."

चार-चाळीस. ते उठले, केबिनमध्ये गेले. काचेतून दिसलं, त्यांनी टेबलावरचं पत्र फाडलं आणि स्वतः कीबोर्ड पुढे ओढला. दोन बोटांनी टाइप करतात ते, एकेक अक्षर हुडकत. मी बाहेर जीव मुठीत धरून. चार-बावन्नला नवं पत्र ईमेलने दवाखान्याला गेलं. त्याची प्रत त्यांनी मला दाखवली. 'स्क्रीन जोडलेली नसताना पुढील पोर्टमधून आवाज येत नाही. हा यंत्राचा दोष आहे. उमेदवाराचा नाही.' शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं.

"आता तुझं," साहेब म्हणाले. नजर खाली. "बाहेर लिहून दिलंस ते मला झाकता येणार नाही. घरी नाही पाठवत, पण बाक सोडावा लागेल. गोदामात जा."

"जाते," मी म्हणाले. पंधरा वर्षांचा बाक. बसून बसून त्याच्या कडेचा रंग माझ्या कोपराने गेलाय. वाईट वाटलं, फार वाटलं.

जिन्यात उभं राहून ताईला फोन केला. "पत्र गेलं. आठ मिनिटं आधी."

पलीकडून ताईने नाक ओढल्याचा आवाज आला. अकरा वर्षांत कधी रडली नव्हती बाई, परीक्षेच्या दिवशीही नाही. "आणि तुझं काय?" तिने विचारलं.

"मला गोदामात टाकलंय. केबली गुंडाळायला."

"भांडलीस?"

"नाही गं. आईशप्पथ, एक शब्द नाही."

"मग आता रड," ताई म्हणाली. "इतके दिवस दाबून धरलंयस." आणि आम्ही दोघी फोनवर मनसोक्त रडलो, माणसं जिन्यावरून माझ्याकडे बघत गेली तरी.

महिन्याने ताई कायम झाली. तोवर चार हजार डबे पुन्हा उघडून त्यांना नवीन शिस्त शिकवली होती. आधी आवाज सोडायचा, मग विचारायचं, आणि विचारायचं तेही बोलून. तपासणीच्या कागदावर सगळ्यात वर एक नवी ओळ आली, 'स्क्रीन काढा.' अक्षर साहेबांचं. बाकावर आता तो इंजिनिअर बसतो, शिक्षा म्हणून. येता-जाता मी त्याला चिडवते.

ताईच्या कामाच्या पहिल्या दिवशी मी गोदामात केबलींच्या ढिगात बसले होते, पण हातात फोन. दहाला पाच कमी असताना तो वाजला.

"पोचलीस? टेबल मिळालं?" मी विचारलं. "कॉम्प्युटर आमचाच आहे ना? हेडफोन लावलास?"

"लावला."

"चौकोन आला?"

"आला असेल बाई, मला काय ठाऊक," ताई म्हणाली. "आवाज आला."